कार्डावर जागा नाही

उंद्रीच्या प्रल्हादनं मला एकदा त्याचं व्हिजिटिंग कार्ड दिलं. यात विशेष काय, असं कुणालाही वाटेल. पण ते कार्ड मीच छापलं होतं, माझ्याच प्रेसमध्ये, आणि तो ते न्यायला आला होता. कार्डांचा डबा मी त्याच्यासमोर काउंटरवर ठेवला. त्यानं झाकण काढलं, वरचं एक उचललं, डाव्या हाताची बोटं उजव्या कोपराला लावली, तीर्थ द्यावं तसा जरा वाकला आणि मला म्हणाला, "ठेवा भाऊ. कधी काम पडलं तं."

मी ठेवून घेतलं. काय करणार? गिऱ्हाईक होतं.

माझी प्रेस खामगावात, कॉटन मार्केटच्या मागच्या गल्लीत. लग्नपत्रिका, बिलबुकं, तेरवीच्या पत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डं, एवढाच पसारा. पण या पसाऱ्यात केस पांढरे झाले आणि एक गोष्ट कळली. ज्याला काम येतं त्याला कार्डावर दोन-तीन ओळी पुरतात. ज्याला काहीच येत नाही त्याला दोन्ही बाजू पुरत नाहीत. प्रल्हादला दोन्ही बाजू पुरत नव्हत्या. कडेचा अर्धा सूत कोरा कागद दिसला तरी तो बोट ठेवून विचारायचा, "इथी काई बसते का भाऊ?"

माणूस दिसायला रुबाबदार. पांढरा कडक शर्ट, डोक्यावर चढवलेला गॉगल, तोही घरात आणि सावलीत. शर्टाच्या खिशात कार्डांचा एवढा जाड गठ्ठा असायचा की खिसा खाली ओघळलेला. चालताना तो दर चार पावलांनी त्यावर थाप मारून पाही. लेकराला झोपवतात तशी. बोलणं गोड, म्हाताऱ्यांच्या पाया पडणं हमखास, आणि तोंडात एकच पालुपद: "मार्केटिंग पाह्यजे भाऊ, मार्केटिंग. माल तं कोनीबी बनवते."

माल बनवायची त्याची बायको, सुमन. उंद्री फाट्याजवळ त्यांची रोपवाटिका. हिरव्या शेडनेटखाली मिरची, टमाटे, वांगी, कोबी यांची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि लागवडीच्या दिवसांत शेतकऱ्यांना विकायची. बी टाकणं, पाणी, फवारणी, ट्रे उचलणं, सगळं सुमनवहिनीच्या अंगावर. प्रल्हाद शेडमध्ये पाय ठेवत नसे, बूट खराब होतात म्हणून. तो मार्केटिंग करी.

म्हणजे काय करी, तर कार्डं वाटी. एसटीच्या कंडक्टरनं तिकीट दिलं की हा त्याला कार्ड देई. डॉक्टर त्याच्या छातीला नळी लावून "श्वास घ्या" म्हणाले, तर यानं श्वासही घेतला आणि कार्डही काढलं. एकदा नाक्यावर हवालदारानं गाडी अडवली आणि लायसन मागितलं, तेव्हा यानं कोपराला हात लावून कार्ड पुढं केलं. हे सगळं तो स्वतःच मला येऊन सांगे, छाती पुढं काढून.

मलकापूरचा प्रसंग मात्र मी डोळ्यांनी पाहिला. माझ्या साडूच्या वडिलांची तेरवी होती. मांडवात पंगत बसलेली, वाढपी बुंदी घेऊन फिरत होते. मी पत्रावळीकडे पाहतो तर मिठाच्या शेजारी कार्ड. शेजारच्या पत्रावळीवर कार्ड. अख्ख्या ओळीत कार्डं. मान वर केली तर दुसऱ्या टोकाला प्रल्हाद, वाकून-वाकून वाढत होता. त्याचं त्या घराशी नातं नाही, ओळख नाही. रस्त्यानं जाताना मांडव दिसला म्हणून थांबला होता. माझा साडू, मुंडण केलेला, हात जोडून पंगतीतून फिरत होता. प्रल्हादनं त्याचे जोडलेले हात आपल्या हातांत धरले, डोळे मिटले आणि म्हणाला, "तुमच्या दुःखात सामील हाओ. बाकी मिरचीची रोपं लागली तं सांगा."

साडूनं ते कार्ड घेतलं हो! त्या स्थितीत माणूस दुसरं काय करणार? मला मात्र घास गेला नाही. मेल्या माणसाच्या पंगतीत धंदा करणारा हा माणूस माझ्या प्रेसचं नाव सांगत फिरतो, या विचारानं माझं डोकं फिरलं होतं. आणि वर जाताना मलाच डोळा मारून म्हणतो कसा, "भाऊ, गर्दी पाह्यली का? एका झटक्यात सारं गाव कव्हर."

दर सहा-आठ महिन्यांनी त्याला नवं कार्ड लागे. प्रत्येक वेळी काहीतरी वाढलेलं. आधी 'प्रोप्रायटर' होता, मग 'संचालक' झाला, मग 'कृषी मार्गदर्शक', मग 'समाजसेवक', आणि शेवटी 'भावी पंचायत समिती सदस्य'. रोपवाटिकेच्या खाली ठिबक सिंचन, जागा खरेदी-विक्री, बोअर मारून मिळेल, वधू-वर सूचक. यातलं एकही काम त्यानं कधी केलेलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणे, "कोनी फोन केला तं पाहू ना मंग."

एकदा त्याच्यासोबत सुमनवहिनी आली. हातात पिशवी, नखांत माती, मोजून बोलणारी, पण बोलली की समोरच्याला लागेल असं. मी कॉम्प्युटरवर कार्ड उघडलं होतं आणि प्रल्हादचं माझ्या खांद्यावरून "गॉगलवाला फोटो मोठा करा" चाललं होतं. ती थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "भाऊ, माझं नाव टाका त्याच्यात. नि माझा नंबर. रोपं माह्या हातची हायेत. कोनी काई इचारलं तं सांगता येईन."

"अवं, जागा कुठी हाय?" प्रल्हाद म्हणाला. "पाय ना, किती भरलं हाय."

"फोटो लहान करा ना मंग."

"फोटो लहान? चेहरा हाच तं ब्रँड हाय! तुह्या नावानं कोन ओळखते? लोक मले ओळखते."

"हाव, ओळखते," ती म्हणाली. "म्हणूनच तं फोन करत नाई."

मला हसू आलं. प्रल्हादलाही आलं, कारण त्याला ते समजलंच नाही. मी मध्ये पडून म्हटलं, की ते 'बोअर मारून मिळेल' काढलं तर वहिनींचं नाव आणि नंबर आरामात बसेल. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचा एक हात कापायला सांगितला. मग बायकोला म्हणाला, "पुढच्या खेपेले टाकू." पुढच्या खेपेला 'वधू-वर सूचक' वाढलं आणि तिचं नाव राहिलं ते राहिलंच.

बरं, आता नंबर होता ना त्याचा? एक सोडून दोन होते. त्याची कथा ऐका. मलकापूरकडचा एक शेतकरी मुलीच्या लग्नपत्रिका घ्यायला आला होता. बोलता-बोलता म्हणाला, मिरचीची रोपं पाहिजेत, वावर तयार आहे, चांगली रोपवाटिका माहीत आहे का. प्रल्हाद तेव्हा माझ्याच दुकानात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून चहा पीत होता, पण भिंतीवरच्या पत्रिकांचे नमुने पाहण्यात गुंग. म्हटलं, जरा गंमत करावी. मी ड्रॉवरमधून त्याचं कार्ड काढून शेतकऱ्याला दिलं. शेतकऱ्यानं तिथंच नंबर फिरवला.

कोपऱ्यात फोन वाजला. प्रल्हादनं खिशातून काढून पाहिला आणि कट केला.

"कटला," शेतकरी म्हणाला. त्यानं पुन्हा लावला. प्रल्हादनं पुन्हा कट केला आणि मला म्हणाला, "भाऊ, अनोळखी नंबर मी कधीच उचलत नाई. आजकाल भल्ला फ्रॉड चालू हाय."

मी कपाळाला हात लावला. दोघांच्या मध्ये चार हातांचं अंतर नव्हतं. मी म्हटलं, "अहो प्रल्हादभाऊ, हेच करून राहिले फोन! हे तुमच्याकडून रोपं मागून राहिले!" दुसरा कुणी असता तर जमिनीत गेला असता. हा उठला, चहाचा कप ठेवला, डावा हात कोपराला लावला आणि त्या शेतकऱ्याला कार्ड दिलं. "ह्या नंबरवर करत जा."

"अबे, ह्याच नंबरवर तं केला!" शेतकरी ओरडला. पण गरज त्याला होती. रागाचा घोट गिळून त्यानं विचारलं, "बरं, मिरचीचं वाण कोनतं हाय?"

"एक नंबर क्वालिटी."

"वाण, वाण कोनतं?"

प्रल्हादनं थोडा विचार केला. "हिरवी," तो म्हणाला.

शेतकरी पत्रिका घेऊन गेला आणि त्यानं रोपं दुसरीकडून घेतली, हे काही सांगायला नको. फोन लावला तेव्हा पलीकडे सुमनवहिनी असती, तर ते सगळं वावर तिच्या मिरचीनं लागलं असतं. हे मी प्रल्हादला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "कार्डात कमी पडते काईतरी."

त्या बुद्धीनं त्यानं जे शोधून काढलं, ते मात्र भलतंच होतं. त्याचं म्हणणं, लोक कार्ड फेकून देतात म्हणून फोन येत नाहीत. मग फेकू नये म्हणून काय करावं? कार्डावर देव छापावा! आपल्याकडे देवाचा फोटो कोण फेकतो? जुनं कॅलेंडर फाडलं तरी देवाचं पान बाजूला काढून ठेवणारी माणसं आपण. मी म्हटलं, वर बारीक 'श्री' आहे तेवढं पुरे. नाही. त्याला गणपती पाहिजे होता, बालाजी पाहिजे होता, रेणुकामाता पाहिजे होती, तेही रंगीत आणि सोनेरी वर्खात. मधोमध गॉगल घातलेला हा. मी हात जोडले, म्हटलं, "देवाच्या रांगेत तरी गॉगल काढा." तो म्हणाला, "चमक येते त्यानं."

छापली. त्याचा अंदाज खरा ठरला, एकानंही कार्ड फेकलं नाही. पण झालं काय, की देवाचं चित्र असलेलं कार्ड मागच्या खिशात कसं ठेवणार? त्यावर बसणार का? वावरात मातीच्या हातानं कसं काढणार? मटण खाल्लेल्या दिवशी शिवायचं कसं? लोकांनी घरी नेलं आणि देवघरात ठेवलं. बायकांनी हळद-कुंकू वाहिलं. दोन आठवड्यांत नंबर कुंकवाखाली गेला.

त्याच्या गावाकडचा एक म्हातारा माझ्याकडे आला होता, तेव्हा प्रल्हाद तिथंच होता. म्हातारा मोठ्या भक्तीनं म्हणाला, "प्रल्हाद, तुह्यं कार्ड रोज पुजतो बाप्पा. सकाळी फूल वाहतो."

प्रल्हाद फुलला. "मंग काका, रोपाचा फोन नाई केला?"

"काऊन करू? देवाले फोन करत असते का कोनी?"

मी हसून हसून टेकलो. प्रल्हादनं मला टाळी मागितली. "पाह्यलं का भाऊ, घराघरात पोचलो." लाज नावाची गोष्ट या माणसाच्या अंगात कुठं ठेवलेली नव्हती, आणि खरं सांगतो, त्या दिवसापासून मला त्याचं हसूही येईनासं झालं.

कारण त्याच हंगामात सुमनवहिनी एकटी आली. दुपारची वेळ होती. पिशवी टेबलावर ठेवली, पाणी प्यायली आणि उभ्यानंच बोलू लागली. ट्रेमधली रोपं ठरावीक दिवसांत वावरात गेली पाहिजेत. नाही गेली तर हातभर लांबतात, काड्या होतात, मग कोणी फुकटही नेत नाही. तिची सगळी मिरची तशी लांबली होती. सकाळीच तिनं ती ट्रेमधून उपटून टाकली होती.

"कार्ड देवघरात नि रोपं उकिरड्यावर," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. संताप होता. "मले माझं कार्ड छापून द्या भाऊ. बाकीचे ट्रे तरी वाचले पाह्यजेत. वांगी अजून चांगली हायेत."

मी कॉम्प्युटरपुढं बसलो. "देव कोणता टाकू?"

"देव देवघरात हाय."

"फोटो?"

"माह्या तोंडाचं काय करते शेतकरी? मिरची, टमाटे, वांगे, कोबीची रोपं. उंद्री फाटा. नंबर मोठा टाका, चष्मा नसला तरी दिसला पाह्यजे."

"आणि मागच्या बाजूला?"

"कोरी ठेवा. वाण कोनतं नि बी कधी टाकलं, ते मी हातानं लिहून देईन. शेतकरी तेच इचारते, नि तेच इसरते." मग तिनं माझ्याकडचं चकचकीत कार्ड उचललं, काउंटरवरचा पेन घेऊन त्यावर रेघ मारली. शाई घसरली. "हे नको. साधं द्या, लिहिता येईन असं."

मी नाव टाईप करायला घेतलं. आपल्याकडे बाईचं नाव म्हणजे आधी तिचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. बोटं सवयीनं चालली आणि मी 'सुमन प्रल्हाद' लिहिलं. तिनं पडद्याकडे पाहिलं.

"नुसतं सुमन," ती म्हणाली.

मी 'प्रल्हाद' खोडलं. एवढं समाधान मला एखादी ओळ खोडताना कधी झालं नव्हतं. कार्ड असं दिसलं की मला माझ्याच कामाचं बरं वाटलं. चार ओळी, आणि चारही बाजूंनी पांढरी मोकळी जागा.

वांग्याची रोपं विकली गेली. कोबीही गेली. प्रत्येक ट्रेबरोबर ती कार्ड देई, मागं वाण आणि तारीख लिहून. शेतकरी ते जपून ठेवीत, कारण फवारणीच्या वेळी त्यांना तेच लागे. एकजण बिलबुक न्यायला आला, त्याच्या मागच्या खिशातून ते कार्ड निघालं, घामानं मऊ झालेलं, पण नंबर स्वच्छ दिसत होता. पुढच्या हंगामाची मिरची तिनं बी टाकायच्या आधीच आपण सांगून ठेवली, असं तो म्हणाला.

मग एके दिवशी प्रल्हाद आला. गॉगल डोक्यावर होताच. खिशातून त्यानं सुमनच्या कार्डांचा एक छोटा गठ्ठा काढून माझ्यापुढं टाकला. पहिल्यांदाच त्यानं कोपराला हात लावला नाही.

"भाऊ, ह्याच्यात चूक राह्यली."

"कोणती?"

"मधात माझं नाव नाई."

"त्यांनी सांगितलं तसं छापलं."

"अवो, पण बाईच्या नावात मधात नवऱ्याचं नाव असते ना! लोक काय म्हणतीन? नि पाहा, किती जागा रिकामी हाय." त्यानं बोटानं तो पांढरा कागद दाखवला. "इथी बसते. बारीक टाका. पुढच्या लॉटले."

हो, जागा होतीच. ती मला त्याच्या तोंडावर नाकारता आली असती, पण ती जागा माझी नव्हती. मी फोन उचलला, सुमनवहिनीला लावला आणि स्पीकरवर ठेवला. सांगितलं, प्रल्हादभाऊ इथं बसले आहेत, कार्डावर आपलं नाव टाका म्हणतात.

पलीकडून ट्रे आपटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "त्याहिले म्हणा, मले इचारा. टाकीन ना मी. खरंच टाकीन. पन मले इचारा म्हणा. आताच इचारा, मी ऐकून राह्यली."

एवढंच करायचं होतं. फोन त्याच्यापुढं होता, ती थांबली होती. 'सुमन, माझं नाव टाकू का?' एवढे पाच शब्द. उभ्या जिल्ह्यात अनोळखी माणसांपुढं वाकणारा हा माणूस फोनकडे पाहत बसला. गॉगल काढून पुसला. पलीकडे ती वाट पाहत होती, तिचा श्वास ऐकू येत होता. शेवटी तो माझ्याकडे वळून म्हणाला, "चहा सांगा ना भाऊ."

तिकडून फोन बंद झाला. मी चहा सांगितला नाही.

तो उठला, कार्डांचा गठ्ठा पुन्हा खिशात घातला आणि बाहेर पडला. मी काचेतून पाहत होतो. पायरीपाशी एक माणूस मोटरसायकल लावून उभा होता, मागं सरकीच्या पेंडीचं पोतं बांधलेलं. प्रल्हादचा हात आपसूक खिशात गेला. सवय कुठं जाते? डावा हात कोपराला लागला, अंग वाकलं आणि कार्ड त्या माणसाच्या हातात गेलं. स्वतःची देववाली कार्डं त्यानं केव्हाच वाटून संपवली होती, खिशात दुसरी कार्डंच नव्हती.

त्या माणसानं ते वाचलं. पाठीमागं उलटून पाहिलं, पुन्हा पुढून वाचलं.

"रोपं पाह्यजेच होती. हे सुमन कोन?"

दार उघडंच होतं, मला स्वच्छ ऐकू आलं. आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, याच कार्डावर आपलं नाव पाहिजे म्हणून हा माणूस माझ्याशी भांडला होता. मी वाट पाहिली.

"हाय एक बाई आमच्या गावची," प्रल्हाद म्हणाला. "रोपं करते."

त्या माणसानं मान हलवली, कार्ड मागच्या खिशात घातलं आणि किक मारली. प्रल्हाद पायरीवर उभा राहून गाडी वळेपर्यंत त्याला हात करत होता.